चिकटवलेली पाने

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, अविवाहित, राहणार स्वतःच्याच दुकानामागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत आले, आणि वाटेत त्यांचीच एक चूक दाखवली. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्र कोणी गुडघ्यांनी लिहीत नाही. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. राग मात्र आहे, आणि तो पूर्ण शुद्धीत धरलेला आहे.

याआधीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही धाकट्या भावाला दिले होते. ते रद्द.

कलम पहिले. दुकान, मागच्या दोन खोल्या आणि बँकेत शिल्लक असेल ते, मी घंटावाल्याच्या विधवेला देते. ती माझ्या नात्याची नाही; मी तिला वहिनी म्हणते. तिच्या नवऱ्याने आमच्या चर्चची घंटा बत्तीस वर्षे वाजवली. चर्चच्या मागे त्याची वडिलोपार्जित जागा होती. कमिटीच्या अध्यक्षांना तिथे गाळे बांधायचे होते. घंटावाला म्हणाला, "बापाची जागा आहे साहेब, ती विकायची नसते." पुढे तो आजारी पडून वारला. त्याला पुरून आठवडा झाला नाही तोच दोन माणसे कमिटीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, मरणाआधी आमच्या दोघांसमोर त्याने जागा चर्चला दान दिली. कागद झाले. चर्चने जागा अध्यक्षांच्या पदरात टाकली. वहिनी आज लाँड्रीच्या माडीवर एका खोलीत राहते आणि भिंत दिवसभर गरम असते.

कलम दुसरे. ती दोन माणसे कोण, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी अळीमिळी गुपचिळी करू नये. एक, चष्मेवाला. दुसरा, माझा धाकटा भाऊ. ज्या सोमवारी ते घंटावाल्याच्या उशाशी होते म्हणतात, त्या सोमवारी भाऊ सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माझ्यासमोर बसून रजिस्टरे शिवत होता. बारा रजिस्टरे. त्यातली दोन मी उसवून परत शिवली. चष्मेवाल्याला अध्यक्षांच्या इमारतीत कोपऱ्याचा गाळा मिळाला, भावाला चर्चच्या शाळेत कारकुनी.

मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते आणि मी दहा महिने गप्प बसले. आईने जाताना त्याचा हात माझ्या हातात दिला होता, एवढेच माझे कारण. ते कारण पुरेसे नव्हते. याची मला लाज वाटते, आणि ज्यांना यात दुसऱ्यांवर ओढलेले कोरडे वाचून बरे वाटत असेल त्यांनी माझ्यावरचा हाही वाचावा.

कलम तिसरे. व्यासपीठावरचे मोठे पवित्र शास्त्र जागा गेली त्याच वर्षी शिवण सुटली म्हणून माझ्याकडे आले. चाळताना दोन पाने एकमेकांना चिकटलेली दिसली. ओल लागून चिकटली असतील असे वाटले, पण कडेला निळसर झाक होती. आमच्या दुकानातल्या खळीत मी कसर लागू नये म्हणून मोरचूद घालते. तसे दुसरे कोणी करत नाही. पाने उजेडाकडे धरली तेव्हा आत कोणता अध्याय आहे ते कळले: राजाला शेजाऱ्याचा द्राक्षमळा हवा होता, शेजारी देईना, मग दोन माणसांनी खोटी साक्ष दिली, शेजाऱ्याला दगडांनी मारले, आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला तर देवाचा संदेष्टा तिथे त्याच्यासमोर येऊन ठाकला.

मी भावाला बोलावले.

"ही खळ कुणाची?"

"मला काय माहीत, ताई."

"मोरचूद घातलेली खळ आपल्याशिवाय कोण वापरतं?"

तो टेबलावरचा दोरा गुंडाळू लागला. "अध्यक्ष म्हणाले, येत्या महिन्यात तोच पाठ आहे. लोक उगाच काहीबाही जोडतील."

"म्हणून तू देवाचं वचन चिकटवलंस?"

"अगं, दोनच तर पानं आहेत!"

ती पाने मी केटलीच्या वाफेवर सोडवली. अर्धा दिवस गेला, पण एक अक्षर उडू दिले नाही. मग पुस्तक असे बांधले की कोणीही, कुठूनही उघडले तरी ते तिथेच उघडावे. शिवण कुठे ढिली ठेवायची आणि पाठ कुठे मोडायची, हे ज्याला कळते त्यालाच हे जमते. चाळीस वर्षांच्या धंद्यात मी मुद्दाम वाईट बांधलेले हे एकच पुस्तक.

तो पाठ होता त्या रविवारी पाळकांनी ते उघडले, पाहिले आणि पाने उलटली. पुस्तक परत तिथेच आले. त्यांनी पुन्हा उलटली. शेवटी घाम पुसून म्हणाले, "आज आपण एक स्तोत्र वाचू." तेव्हा मी चौथ्या बाकावरून उठले, माझे पुस्तक उघडले आणि तो अध्याय मोठ्याने वाचायला लागले.

"बाई, खाली बसा!" अध्यक्ष ओरडले.

"वचन संपलं की बसते," मी म्हटले.

शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, आणि आपल्या मंडळीतले दोन साक्षीदार कोण, तेही सांगितले. भाऊ तिसऱ्या बाकावर होता. त्याने मागे वळून पाहिले नाही. दोनशे माणसांतले एकही माणूस उठले नाही.

कमिटीने मला प्रभुभोजनातून काढले. चर्चचे आणि शाळेचे काम तोडले. पाळक घरी येऊन म्हणाले, "बाई, सत्य प्रेमानं बोलावं." मी म्हटले, "तुम्ही तर प्रेमानंही बोलला नाहीत." याला एकवीस वर्षे झाली. त्या दारातून मी परत आत गेले नाही.

कलम चौथे. अध्यक्षांना मी माझे खळीचे पातेले आणि रुंद कुंचला देते. त्यांना अडचणीची अशी पुष्कळ पाने पुस्तकात अजून शिल्लक आहेत. खोट्या तराजूची आहेत, विधवांची घरे गिळणाऱ्यांची आहेत. सवडीने चिकटवावीत. मोरचूद जपून वापरावा, बोटांना डाग राहतो.

कलम पाचवे. दाबयंत्र, आऱ्या, शिवणीची चौकट आणि कातर कोपऱ्यावरच्या छापखानेवाल्या बाईला द्यावी. गेल्या एकवीस वर्षांत तिने काम दिले म्हणून चूल पेटली. ती कुठल्याच चर्चची नाही. पाळकांना काही नाही. हे विसरून राहिले असे त्यांनी समजू नये.

कलम सहावे. माझ्या दफनाच्या वेळी उपदेश नको. फुले चालतील. तोच अध्याय पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा आणि त्यापाठोपाठ या मृत्युपत्राचे कलम दुसरे. अध्यक्ष हयात असल्यास त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची द्यावी. वाचणाऱ्याने एक ओळ जरी गाळली, तर शवपेटी तिथेच ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे. मला कुठे जायची घाई असणार नाही.

सूड घेणे हे देवाचे काम आहे, असे मला कोणी तरी सांगेल. मला पाठ आहे. मी फक्त त्याचे कागदपत्र तयार ठेवते आहे.

कलम सातवे. मृत्युपत्राला कायद्याने दोन साक्षीदार लागतात. ते मी निवडले आहेत: चष्मेवाला आणि माझा भाऊ. मिळून साक्ष देण्याचा त्यांना अनुभव आहे. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते, असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्या मृत्युपत्राला आहे. दोघांना हे सगळे मोठ्याने वाचून दाखवावे, आणि प्रत्येकाने कलम दुसरे खरे की खोटे, ते सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहावे.

वकीलबाईंनी हात जोडले. "अहो, भाऊ सही करेल कशाला? एक सही जरी कमी पडली तर मृत्युपत्रच राहत नाही. मग सगळं त्यालाच जाणार. तुम्हाला दुसरं कोण आहे?"

"म्हणूनच तर."

"आणि त्या वहिनींचं काय?"

वहिनीला मिळणारे छप्पर मी माझ्या हट्टापायी पणाला लावते आहे, हे मला कळते. पण त्याने तेव्हा नोकरीसाठी सत्य विकले, तर आता घर समोर ठेवून त्याला एकदा विचारायचेच आहे. भित्रा आहे तो, आणि मी त्याला लहानाचा मोठा केला आहे.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, समजून मी साक्षीदारांसमक्ष सही करते.

ठिकाण : दुकानामागची खोली
दिनांक : ११ ऑक्टोबर २०२५, शनिवार, दुपार
मृत्युपत्र करणारीची सही

साक्षीदार पहिला : कलम दुसरे खरे आहे. गाळा आता मुलाच्या नावावर आहे, त्याला यात ओढू नये. (सही)

साक्षीदार दुसरा, मृत्युपत्र करणारीचा भाऊ : सगळे ऐकले. कलम दुसरे खरे, तिसरेही खरे. ताईने हे तिच्या मयताला वाचायला सांगितले आहे. तोवर मी थांबणार नाही. उद्या उपासनेत उभा राहून मीच सांगतो. (सही)

सह्यांनंतर मृत्युपत्र करणारीने स्वहस्ते जोडलेला मजकूर : कलम सहावे तरीही कायम आहे, उद्याचे उद्या पाहू. सकाळी साडेआठला दाराशी गाडी बोलवावी. मी वाचायला उभी राहिले तेव्हा माझ्या शेजारी कोणी उभे नव्हते. ते कसे वाटते, मला माहीत आहे.