भिंगरी विकायची परवानगी

तीर्थरूप दादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, कमरेतून वाकता येईल तितकं वाकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण मग उठवायला फिजिओथेरपिस्ट लागली असती, आणि या घरात ती मीच आहे.) तुझी टाच कशी आहे? गोठवलेली पाण्याची बाटली पायाखाली फिरवायला सांगितली होती ती फिरवतोस, की बाटली फ्रीजमध्ये ठेवली म्हणजे व्यायाम झाला असं समजतोस? वहिनी ठणठणीत असणारच. घरात एकाने सारखं कण्हायचं ठरवलं की दुसऱ्याला ठणठणीत राहण्यावाचून गत्यंतर नसतं. जुळ्यांना आशीर्वाद, आणि मोबाइल बघताना मान वर ठेवा म्हणावं. आज सल्ला फुकट आहे, पुढे आत्या फी लावेल.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस, आणि विषय परवानगीचा आहे. परवानगी कागदावर हवी असं तुझ्या मेहुण्यांचं म्हणणं. (जन्मभर छापखान्यात प्रूफं तपासली ना, जे कागदावर नाही ते घडलंच नाही असा त्यांचा हिशेब. हे पत्रही आधी त्यांच्या नजरेखालून जाणार आहे, तेव्हा मी जपूनच लिहिते आहे.) तर परवानगी हवी आहे ती भिंगरी विकायची. दचकू नकोस, पूर्ण वाच. जुळी झाली आणि तू ती कपाटासारखी उंच गाडी घेतलीस, तेव्हा भिंगरीची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला होतास, मला विचारल्याशिवाय कुणाला देऊ नकोस. डोळे भरून आले होते तुझे. (वहिनी म्हणते धूळ गेली होती. असेल.) म्हणून विचारते आहे.

खरं सांगायचं तर अशा छोट्या, चपळ, बुटक्या गाड्यांचे दिवस गेले रे. एके काळी सिग्नलला भिंगरी थांबली की शेजारचा माणूस काच खाली करून बघायचा. आता शेजारच्याला ती दिसतच नाही. त्याच्या खिडकीच्या कितीतरी खाली माझा टप असतो. जिकडे बघावं तिकडे सगळ्यांच्या गाड्या टाचा उंच करून उभ्या. आमच्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये दोन धिप्पाड गाड्यांच्या मध्ये भिंगरी उभी केली की मोठ्यांच्या गप्पांत अडकलेल्या पोरासारखी दिसते. मागे एकदा तर वॉचमनने जागा रिकामी समजून शिट्टी वाजवत एक गाडी माझ्या जागेत आणायला घेतली. मी आतच बसले होते! हॉर्न वाजवला, तर तो आवाज कुठून आला म्हणून बिचारा वर झाडाकडे बघायला लागला.

आणि मी त्या वेळी आत का बसले होते, तेही सांगते. दादा, भिंगरीत बसणं सोपं आहे, नुसतं पडायचं असतं. उतरणं ही वेगळी विद्या आहे. पन्नाशीनंतर मी माझी एक पद्धत बसवली आहे: दार सताड उघडायचं, एक हात जमिनीवर टेकायचा, मग दुसरा, मग कंबर बाहेर ओढायची आणि शेवटी राहिलेली मी. घरच्या अंगणात हे खपतं. पण हॉस्पिटलात मी इतकी वर्षं येणाऱ्या प्रत्येक कंबरदुखीला बजावत आले आहे, की बुटकी सीट म्हणजे पाठीची वैरीण, खुर्चीवर बसल्यासारखं बसता येईल अशीच गाडी घ्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान! म्हणून पेशंट आसपास असले की मी गाडीतच दबा धरून बसते. त्या दिवशी मानेला पट्टा लावलेले आमचे एक मुख्याध्यापक मला नमस्कार करायला म्हणून दाराशी येऊन उभे राहिले. मी सीटखाली काहीतरी शोधायचं नाटक केलं. ते उभेच. मी फोनवर बोलायचं नाटक केलं. ते अदबीने दोन पावलं मागे सरकले, आणि उभेच. शेवटी काय करते, आले बाहेर, चारी पायांवर, थेट त्यांच्या बुटांसमोर. वर बघून, जमेल तितक्या डॉक्टरी आवाजात मी म्हणाले, हा नवीन व्यायाम आहे.

आता माणसाने ऐकून सोडून द्यावं की नाही? मुख्याध्यापकच ते, त्यांनी वर्ग भरवला. दोन दिवसांनी खिडकीतून बघते तो माझे चार पेशंट आपापल्या गाड्यांतून हात पुढे करून बाहेर येताहेत. आणि गाड्या सगळ्या उंच! (माझ्याच सल्ल्याने घेतलेल्या.) उंच गाडीतून हात जमिनीला पोचत नाहीत, हे सांगायला मला वेळ कुठे मिळाला होता? एक धिप्पाड बाई सीटचा पट्टा सोडायला विसरल्या होत्या, त्या अर्ध्या बाहेर अर्ध्या आत अशा लोंबत होत्या, आणि मुख्याध्यापक शेजारी उभे राहून ‘श्वास सोडा, श्वास सोडा’ म्हणत होते. मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. वाईट याचंच वाटतं की लोंबणाऱ्या बाईंचा खांदा त्या दिवसापासून मोकळा झाला आणि त्या मला दुवा देताहेत.

हे झालं माझं. पण माझं काय, मी कशातही बसेन. खरा प्रश्न तुझ्या मेहुण्यांचा आहे. देवाने त्यांना उंची देताना हात आखडता घेतला नाही, आणि भिंगरी बनवणाऱ्याने जागा देताना घेतला. घडी घालून ठेवलेल्या खाटेसारखे बसतात बिचारे. माझ्या बाजूचा गुडघा तर थेट गीअरशी येतो. पहिला गीअर टाकायचा झाला की मी ‘गुडघा!’ म्हणून ओरडते, ते गुडघा बाजूला घेतात, गीअर पडतो, गुडघा परत जागेवर. वर्षानुवर्षं हेच. त्यात आमच्या कॉलनीने यंदा स्पीडब्रेकरची हौस भागवून घेतली आहे, आणि दोघं बसलो की भिंगरीचं पोट घासतं. मग हे प्रत्येक स्पीडब्रेकरला उतरतात, गाडी पलीकडे गेली की पुन्हा घडी घालून बसतात, ‘गुडघा!’, पुढचा स्पीडब्रेकर, पुन्हा उतरतात. हल्ली तर कॉलनीच्या फाटकापर्यंत ते बाजूने चालतच येतात आणि आम्ही खिडकीतून गप्पा मारतो. शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, तुमचं भांडण झालंय का? गाडीत का नाही घेत त्यांना? सांग, काय उत्तर देऊ? हे तोंडातून कधी एक शब्द काढत नाहीत, पण गुडघे त्यांचेच ना. मागच्या महिन्यात तेच म्हणाले, आता उंच गाडी बघू या. मी लगेच हो म्हटलं.

जाहिरात दिली. मला वाटलं तरुण पोरांची रांग लागेल. कसली रांग! शेजारची कॉलेजातली मुलगी बघून गेली आणि म्हणाली, काकू, गाडी गोड आहे, पण यात बसून आपण कुणाला दिसतच नाही. (आमच्या वेळी वाऱ्यासारखं निघून जायचं असायचं, आता दिसायचं असतं. असो.) आले ते सगळे टक्कल पडलेले. एकेक जण येई, भिंगरीभोवती फिरे, डिकीवरच्या छोट्या पंखावरून हात फिरवी, तरुणपणी अशीच घ्यायची राहून गेली म्हणे, आणि आत बसे. बसले की चेहरा असा उजळायचा म्हणतोस! इंजिन सुरू करून डोळे मिटायचे. आणि मग उतरायची वेळ यायची. एका दातांच्या डॉक्टरांना तर मी आणि हे, दोघांनी दोन बाजूंनी धरून बाहेर काढलं. गाडी कुणी घेतली नाही, पण तीन नवे पेशंट मात्र मिळाले. दातांचे डॉक्टर अजून येतात, कंबर बरी झाली तरी येतात, आणि जाताना पाच मिनिटं भिंगरीत बसून जातात.

मग आम्ही उंच गाडी बघायला गेलो. शोरूममधल्या पोरग्याने माझं नाव ऐकलं आणि धावत जाऊन मालकालाच घेऊन आला. मालक हात जोडून म्हणाले, मॅडम, तुमचे पेशंट म्हणजे आमचं निम्मं दुकान! ऐकलंस? म्हणजे भिंगरीच्या जातीच्या मुळावर मीच उठले, आणि मला पत्ता नाही. कोपऱ्यात तशी एकच छोटी गाडी उभी होती, निळी, छान, आणि तिच्या टपावर कुणीतरी पत्रकांचे गठ्ठे रचून ठेवले होते. मला ते बघवलं नाही. उंच गाडीत मात्र सगळं आहे हो. चढायला पायरी आहे. वर बसलं की पहिल्या मजल्यावरच्या लोकांच्या ताटात काय वाढलंय ते दिसतं. गीअर नाहीतच. आम्हा दोघांच्या मध्ये ही एवढी रुंद पेटी, तिच्यात पेले ठेवायच्या खोबणी. गाडी बोलतेसुद्धा. थोडं अंतर गेल्यावर मला म्हणाली, तुम्ही दमलेल्या दिसता, विश्रांती घ्या. इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं, मी हळवी झाले. मग वळणावळणाला तेच म्हणायला लागली, तेव्हा हळवेपण गेलं. हे पाय लांब पसरून, खिडकीबाहेर बघत बसले होते, सबंध फेरीत चकार शब्द नाही. किती सुखात होते, दादा! मला भरून आलं. उतरताना माझे पाय जमिनीला पोचेनात, तेव्हा त्या पोरग्याने मला बखोटीला धरून खाली घेतलं, ही गोष्ट वेगळी. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

आणि भिंगरीला एक गिऱ्हाईक मिळालं आहे. माणूस सज्जन आहे, कॉफीचं दुकान काढतोय. त्याला भिंगरी फार आवडली. तो ती मधोमध कापणार, पुढचा अर्धा भाग दुकानात काउंटर म्हणून बसवणार आणि दिव्यांत बल्ब लावणार. मागच्या अर्ध्याचं काय, ते मी विचारलं नाही. महिनाअखेरीस तो गाडी न्यायला येतोय. विचार केला तर ठीकच आहे, वस्तू ती वस्तू. तेव्हा तू आनंदाने परवानगी द्यावीस, ही विनंती.

वहिनीला नमस्कार. बाटली फिरव.

तुझी समजूतदार बहीण

ता. क. – वरचं सगळं यांनी वाचून, दोन स्वल्पविराम घालून परत दिलं. आता ते गच्चीवर झाडांना पाणी घालताहेत, म्हणून भरभर लिहिते. दादा, वरचं एक अक्षर मनावर घेऊ नकोस! मला भिंगरी विकायची नाही. तिला कापणार आहेत रे! काउंटर कसलं करतात मेले! तो माणूस पट्टी घेऊन तिचं माप घेत होता तेव्हा मी आत जाऊन नळ सोडून रडले. पण मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? जगाचे गुडघे सांभाळते आणि घरातले मोडते, असं व्हायचं. तेव्हा नाही तू म्हण. उलट टपाली कडक पत्र पाठव, ते हे मोठ्याने वाचतील. तुला रागावता येत नाही हे ठाऊक आहे, मजकूर वहिनीकडून घे, तिला येतं. ‘भिंगरीला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे’ एवढं वाक्य तरी असूच दे.

आणखी एक ता. क. – दादा, हे अक्षर माझं, म्हणजे तुमच्या मेहुण्याचं. पाकीट टपालात टाकायला तिने माझ्याकडे दिलं. न तपासलेला मजकूर हातातून जाऊ द्यायची मला सवय नाही, आणि डिंक अजून ओला होता. तिच्या ताज्या कलमात चूक एकही नाही. उत्तर जरूर कडक लिहा. उंच गाडीचं मी काढलं ते तिच्या कमरेसाठी, माझे गुडघे उत्तम आहेत. स्पीडब्रेकरला उतरून चालतो त्यामुळेच आहेत. पण मीच आता नको म्हटलं, तर ती समजेल मी तिच्यासाठी म्हणतोय, आणि हट्टाने विकून टाकेल. आमच्यात ही जुनी अडचण आहे. कॉफीवाल्याला मी सांगून ठेवलंय की तुम्ही भयंकर तापट आहात, तो आधीच घाबरलाय. मी हे वाचलं, हे तिला कळू देऊ नका. त्या उंच गाडीत मी पाय पसरून बसलो होतो, मध्ये ती पेटी होती, आणि तुमची बहीण कुठेतरी पलीकडे होती. सबंध रस्त्यात ती मला एकदाही ‘गुडघा!’ म्हणाली नाही. मला अजिबात करमलं नाही.