फॅक्टरी डिपेंड्स ऑन सुपडू

७ जुलै १९९६, रविवार
इंग्लिश क्लासात सरांनी 'डिपेंड ऑन' शिकवलं. म्हणजे एखाद्याचं आपल्यावाचून अडणं. सगळ्यांनी एकेक वाक्य केलं. इतरांची रडकी होती, पीक पावसावर, म्हातारा पोरावर. मी माझंच नाव घालून ठणकावून सांगितलं, फॅक्टरी डिपेंड्स ऑन सुपडू. सर म्हणाले, वाक्य बरोबर आहे. प्रश्नच मिटला.

८ जुलै
बारा वर्षं बमरोलीच्या या पावरलूमच्या खात्यात, म्हणजे फॅक्टरीत, आठ लूम सांभाळतोय आणि सुपरवायझर केलं काल लागलेल्या लखनला! ठरवलं. उद्यापासून जायचंच नाही. सेठने स्वतः घरी येऊन बोलवावं. मंदा म्हणाली, तुमना बिगर खातं बंद पडस का? बायकोला इंग्लिश येत नाही, त्याला इलाज नाही.

९ जुलै
गेलो नाही. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. सेठला बनियनवर कसं भेटणार? कोणी आलं नाही. पहिल्या दिवशी नुकसानीचा अंदाज येत नसतो.

११ जुलै, संध्याकाळ
दुपारी अडीचला लूमचा आवाज थांबला! धावत गल्लीत गेलो. अख्ख्या बमरोलीची लाइट गेली होती. तरी तीन तास खातं बंद राहिलं, हे खरंच ना.

१३ जुलै
सुकदेव आला. शेजारच्या लूमवरचा कारीगर. मुद्दाम पाच मिनिटं ताटकळत ठेवला, मग सेठचा निरोप विचारला. म्हणाला, निरोप नाही, तुमची कामावरची लुंगी द्यायला आलो. खुंटी हिलालला पाहिजे, तुमची मशीनं आता तोच चालवतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चहा पाजला. हिलालला आठ लूम झेपणार नाहीत. आठवड्यात बोंब होईल.

१४ जुलै
क्लासला दांडी. सर शिकवतात तसं ढोबळच.

१८ जुलै
पीठ संपलं. मंदा बॉबिन भरायला जाऊ लागली, आमच्याच खात्यात. मी परवानगी दिली. आपलं माणूस आत असलेलं बरं. माझ्यावाचून त्यांचं काय अडतंय ते कळेल.

२२ जुलै, संध्याकाळ
भाकरी मीच थापल्या. जाड झाल्या. मंदा आल्या आल्या विचारलं, सेठने माझा विषय काढला का? चार दिवस नाही म्हणत होती. आज हो म्हणाली. मी पिठाच्या हातानेच उठलो.

सेठने तिला विचारलं म्हणे, तेरा आदमी क्या काम करता है?

बारा वर्षं. मनाला फार लागलं.

मंदाने काय उत्तर दिलं, ते मी विचारलं नाही.