तुमची बहीण, माझी पिशवी

केळझर,
कोजागिरीनंतरचा आठवडा

आदरणीय नत्थूजी यांस केळझरहून रूपरावचा रामराम पोचावा.

इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे वरवर पाहता ठीक आहे. आपली प्रकृती कशी आहे हे विचारत नाही, कारण आपण "जरासा ग्यास आहे" असंच सांगणार आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला आधीच कळलं आहे. आतड्यात गाठ आहे, ऑपरेशन लवकर करा, नंतर माझ्यासारखी शौचाची पिशवी पोटाला लावावी लागेल, असं ते म्हणाले. आपण आधी दसऱ्यानंतर म्हणालात, मग कोजागिरीनंतर, आता दिवाळीवर गेलात. मी त्यावर चकार शब्द काढणार नाही (तशी शपथच घातली गेली आहे). हे पत्र तुमच्या बहिणीच्या तक्रारीचं आहे. फोनच केला असता, पण घरातला फोन तिच्या कमरेला खोचलेला असतो आणि कान माझ्याकडे लावलेले.

तर शकुबाई माझ्याविरुद्ध काहीतरी कट करते आहे. पुरावे देतो. वावरात बरबटीच्या शेंगा लदबदल्या आहेत आणि ताटात रोज दुधी. विचारलं तर म्हणते, बकरीनं खाल्ल्या (आमच्याकडे बकरी नाही). बरबटीनं पिशवी फुगते हे मला मान्य आहे, पण पिशवी कोणाची? दुसरं, या आश्विनातल्या उन्हात घामानं चिकटवण सुटतं, म्हणून ती मला चहाच्या आधीच पिशवी बदलायला उठवते, तेव्हा पोट शांत असतं म्हणे. साध्या पाण्यानं धुवायचं, कोरडं टिपायचं, मग नवी लावायची, हे मला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शिकवलं, पण रोज परीक्षा ही घेते. टिनाच्या खोलीत ठेवलेल्या नव्या पिशव्या तिनं परस्पर माठाजवळच्या गारव्याला हलवल्या. शिवाय माझ्या पायजम्यांची नाडी आता पिशवीवर न येता बरीच वर येते. पायजमे आपोआप वाढत नाहीत, नत्थूजी. मला कुठं टोचत नाही, कुठं ओघळत नाही, रात्री झोप लागते. एवढं सुख कोणी फुकट देत नसतं, म्हणून मी सावध आहे.

आता दसऱ्याचं ऐका. सोनं देऊन गळाभेट घेतल्याशिवाय आमच्याकडे दसरा होत नाही, आणि जो गळाभेट टाळतो त्याच्या मनात वैर आहे असं गाव समजून घेतं. मी पडलो पोटाचा माणूस. छातीला छाती लावली की पिशवी दबणार, आणि सणासुदीला नको तो तमाशा होणार. म्हणून मी दाराआडूनच हात जोडत होतो. एवढ्यात जंगू आला (ज्याचं वावर माझ्या धुऱ्याला लागून, आणि लहानपणापासूनचा दोस्त). तो हात पसरून पुढे आला आणि मी मागे सरून मध्ये आपट्याच्या पानांचं ताट धरलं. तो चहा न घेताच गेला. त्या दिवसापासून तो माझ्या घरावरून मान फिरवून जाऊ लागला. मला वाटलं, याला वास आला. मी माझाच सदरा दहादा हुंगला. शकुबाई म्हणाली, काही वास येत नाही, पण तिची साक्ष मी कशी धरू? कोजागिरीला देवळात सगळे दुधाची वाट पाहत गप्प बसले असताना माझी पिशवी बोलली. जंगूनं माझ्याकडे पाहिलं, मी बाजूच्या कुत्र्याकडे पाहिलं. कुत्रं बिचारं उठून गेलं.

परवा कापूस वेचायच्या आधीची सीतादही होती. शकुबाईनं वावरात दगड मांडून पूजा केली, दहीभाताचा नैवेद्य ठेवला, आणि पाहतो तर धुऱ्यावर जंगू उभा. बोलावणारी कोण, हे सांगायला नको. तो धुरा ओलांडून पऱ्हाटीत आला आणि म्हणाला, "काऊन बा रूपराव, मायाकून काई चुकलं काय? दसऱ्याले भेटला नाई तू."

मला फार वाईट वाटलं. मी सांगून टाकलं, "पोटाले पिशवी हाय, जंगू. दाबली त फुटंन."

"थे त साऱ्या गावाले माहीत हाय," तो म्हणाला. "मंग बाजूनं भेट ना."

आणि माझी पिशवी डावीकडे, तर तो उजवीकडून भेटला. काही फुटलं नाही. मग त्यानं माझ्या वाट्याचा दहीभातही खाल्ला. म्हणजे इतके महिने मी ज्यांच्यापासून लपत होतो, त्या सगळ्यांना ठाऊक होतं. सांगितलं कोणी असेल, हे आपण ओळखलंच असेल.

बाकी क्षेम. लोभ आहेच, संशयही असू द्यावा.

आपला,
रूपराव

ता. क. पत्र वाचून चुलीत टाका. बहिणीच्या हाती लागू देऊ नका.

दुसरा ता. क. ऑपरेशनबद्दल बोलणार नाही म्हटलं, नाही बोललो. फक्त सोमवारी सकाळच्या एसटीनं मी कारंज्याला येतो आहे आणि आपल्याला घेऊन दवाखान्यात जाणार आहे. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा. वॉर्डात खाटेजवळ बसायला माणूस लागतो, तो मी आहे.

दादा, हे शकूनं लिवलं. पाकीट चिकटवाले मलेच देलं, म्हून वाचलं. बरबटी मीच लपवतो. तू फोनवर म्हनला ना, पिशवी लावून जगन्यापरीस मेलो त बरं, थे यायनं माया मांगं उभं राहून आयकलं. त्या दिवशी हे जेवले नाई. गोठ्यात जाऊन रडले. मले म्हने, "मी जगून राह्यलो, थे त्याले दिसत नाई काय?" सोमवारी तयार राह्यजो.