आम्ही उचलतो की

अप्पा,

१. लातूर जिल्हा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळात तुम्ही नव्या बसस्थानकाच्या बांधकामावर मुकादम होता.
२. माझे पाय पोलिओचे. तुम्ही मला खांद्यावर घेऊन कामावर यायचा. ते पाहून तिथल्या इंजिनिअर साहेबांनी नकाशात फलाटाच्या पायऱ्यांशेजारी उतार काढला.
३. उतार झाला नाही. पाणी नाही म्हणून राहिला, असं तुम्ही मला सांगितलंत.
४. ते खोटं होतं.

तुमच्या हाताखालचे गवंडीमामा परवा औशाला भेटले. मी पाण्याचा विषय काढला तर हसले. "पाण्याचं काय, टँकर येतच व्हता की. साहेब म्हणला, पोरीला बरं पडंल. अप्पा म्हणले, कशाला? आम्ही उचलतो की. आम्ही समद्यांनी लई वाखाणलं, बाप असावा तर असा."

मी चहा संपवला. इतकी वर्षं मला तुमचं कारण पटलेलं होतं. काँक्रीटला पाणी मारलं नाही तर ते तडकतं, हे नांदेडला तंत्रनिकेतनात शिकले तेव्हा तर जास्तच पटलं. तिथं असतानाच तुम्ही गेलात. तुमचे दिवस झाल्यावर नांदेडला परत निघाले, तर लातूरच्या फलाटाखाली कुबड्या घेऊन उभी. हमाल विचारतो, "ताई, उचलू का?" आणि उत्तराआधीच बगलेत हात घालतो. मागून कुणीतरी म्हणतं, "मामा, जपून, नाजूक सामान हाय." रांग हसते. तुमचा खांदा गेल्यावर मी सामान झाले, अप्पा. त्या फलाटावर अजूनही होते.

आता लोह्याच्या बसस्थानकाचा नकाशा माझ्याकडे आहे. उतार मी काढलाय, बारा फुटांना एक फूट चढ. काल जागेवर एक बाप पोरीला खांद्यावर घेऊन आला होता. तिच्या पायांत माझ्यासारखेच लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर. तो म्हणाला, "मॅडम, उगं जागा वाया घालवायलात तुम्ही. आम्ही उचलतो की." माझ्या ऑफिसातल्या साहेबांनी लगेच माझ्याकडे पाहिलं. त्यांना तिथं दुकानाचे गाळे हवे आहेत. मी पोरीला विचारलं, "तुला काय पाहिजे?"

"तिला काय कळतंय," बाप म्हणाला. तिनं त्याच्या केसांत बोटं आणखी घट्ट रोवली.

तुम्ही मला विचारलं असतं, तर मीही तेच केलं असतं. वरून सगळं स्थानक दिसायचं. तुमच्या टोपीला सिमेंटचा वास यायचा.

पोस्टाला पायऱ्या आहेत, त्यामुळे हे पत्र टाकायचा प्रश्न नाही. नकाशा सोमवारी मंजुरीला वर जातो, आणि उतार ठेवायचा तर मला साहेबांशी भांडावं लागेल. तुम्ही गेल्यावर मला कोण उचलणार होतं, याचा विचार तुम्ही केला होता की नाही, एवढंच सोमवारी सकाळपर्यंत कळवा.