ताईची पट्टी आणि माझी फाइल

३ मे
ताई तीस वर्षांच्या नर्सिंगनंतर ३१ तारखेला निवृत्त होतेय. निरोप समारंभात गाणार आहे, घशाच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. साथीला मी. कीबोर्ड घेऊन दोन वर्षं झाली, आता लोकांसमोर यायला हरकत नाही. आजपासून रोज एक तास सराव. आज धूळ पुसली.

९ मे
सराव नाही. पण मार्ग सापडला. कीबोर्डचा दुकानदार गाण्याची अख्खी साथ भरून देतोय. बटण दाबायचं, वर बोटं फिरवायची. याला फसवणूक म्हणत नाहीत, टेक्नॉलॉजी म्हणतात.

१४ मे
दुकानदार विचारतो, सेव्ह कशात करू? मिडी फाइलमध्ये नुसते सूर लिहिलेले असतात, पट्टी हवी तशी खालीवर करता येते, पण आवाज जरा खेळण्यातला. वेव्ह म्हणजे थेट रेकॉर्डिंग. भारदस्त, पण या कीबोर्डवर त्याची पट्टी हलत नाही. म्हणाला, मिडीच ठेवा, गाणाऱ्याच्या घशाचा काय भरवसा. मी म्हटलं, दर्जात तडजोड नाही. वेव्ह. घोळ नको म्हणून मिडी पुसायला लावली.

२२ मे
ताईकडे तालीम. मनगट दुखतंय म्हणून मी फक्त ऐकलं. तिने विचारलं, ऐनवेळी घसा बसला तर पट्टी खाली घेशील ना? म्हटलं, तू नुसती खूण कर. म्हणाली, तू आहेस म्हणूनच गायचं धाडस करतेय.
घरी येऊन जेवण गेलं नाही. उन्हाळा फार आहे.

३० मे
आरशासमोर बोटं फिरवली. मान डोलावणं उत्तम जमतंय.

३१ मे, रात्री ९
ताईचा घसा सकाळपासून बसलेला. स्टेजवर तिने खूण केली, खाली घे. मी मान डोलावली आणि बटण दाबलं. साथ वरच्या पट्टीत, ताई खालच्या. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बोटं फिरवत राहिलो. मग तीच वर चढली आणि दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. घाबरून मी दोन्ही हात उचलले. साथ चालूच. पुढच्या रांगेतली आया म्हणाली, अगंबाई, हात वर आणि वाजतंय कसं? सगळे हसले. ताई नाही. तिने येऊन साथ बंद केली आणि हळूच म्हणाली, एकच सूर धर, काळी तीन.
मला काळी तीन सापडेना.
शेवटी तिने स्वतःच बोट ठेवलं आणि माझ्या शेजारी वाकून अख्खं गाणं गायलं. लोक उभे राहिले. मीही टाळ्या वाजवल्या. आज खरं तेवढंच वाजवलं.

१ जून
ताईचा फोन. मी मिडी आणि वेव्हमधला फरक समजावून सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, वाजवता येत नाही, एवढंच सांगायचं होतंस. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तुझ्यापाशी रडले, मला नाही वाटली लाज. तुला माझी कसली वाटली?
म्हटलं, आवाज तुटतोय, रेंज नाहीये.
म्हणाली, मला स्पष्ट ऐकू येतंय.