बंगल्यातला दुसरा घाव

५ फेब्रु. ७९
काल लिहिणं झालं नाही. आज लिहिते.
कालचा रविवार म्हणून हे आणि मी राजदूत मोटारसायकलवरून आजऱ्याच्या पुढे गेलो. गोऱ्या साहेबाचा जंगलातला बंगला बघायचा होता. छप्पर बसलेलं, दिवाणखान्यात निवडुंग. मी व्हरांड्याचं चित्र काढत होते. ह्यांनी मागच्या विहिरीतून तांब्याभर पाणी काढलं. दोघंही प्यालो.
तिघं आले. म्होरक्या दांडगा, हातात काठी.
"पावणं कुठलं?"
"कोल्हापूरचे."
"आडनाव?"
"कांबळे."
"मग हिरीला हात कसा लावलास रं?"
पहिली काठी तोंडावरच. हे पडले तरी ते मारतच होते. मी खिडकीचा गज ओढला, गंजलेला, निघून आला. म्होरक्याच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. काठी पडली, तो गुडघ्यावर आला. मग डोक्यात. बाकीचे दोघं पळाले.

६ फेब्रु.
सरकारी दवाखाना. ह्यांचा जबडा तारेनं बांधलाय, बोलता येत नाही. पाटीवर लिहितात. म्होरक्या शेजारच्याच वॉर्डात, बेशुद्ध.
फौजदार म्हणाला, "बाई, पहिला घाव समजला. दुसरा कशाला?"
साडीवरचे डाग निघत नाहीत.

७ फेब्रु.
गावचे दोन पुढारी आले. तुम्ही तक्रार मागं घ्या, आम्हीबी घेतो. मी म्हटलं, विहिरीचं काय? उठून गेले.

८ फेब्रु.
दवाखान्याच्या नळावर म्होरक्याची बायको भेटली. मला वाटलं, अंगावर येणार. तिनं पदर सरकवून पाठ दाखवली. जुने वळ, नवे वळ.
"हात मोडलासा, बरं केलंसा."
म्हटलं, फौजदारापुढं सांगाल, आधी काठी कुणी उचलली? पळालेल्या दोघांनी तुम्हाला सांगितलंच असेल की.
"आन् जगला तर? घरला माझ्याच येईल की ओ."
घागर उचलून गेली.

९ फेब्रु.
सकाळी त्यानं डोळे उघडले म्हणे. पाणी मागितलं.
उद्या माझा जबाब. ह्यांनी पाटीवर लिहिलं, 'सांग, दुसऱ्या घावाच्या वेळी तो परत काठी उचलत होता.'
तो उचलत नव्हता. एका हातानं डोकं झाकत होता.
मी पाटी पुसली. ह्यांनी परत तेच लिहिलं, आणि माझा हात धरून बसले.