टोपी घालून गोळा केलेले शब्द

प्रिय धर्माभाऊ,

काल पुण्याहून एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. वसईकडच्या बोलींचे शब्द जमवतोय म्हणे. 'आपल्याजवळ काही असल्यास मदत करावी', एवढंच. तेव्हापासून मी घरात येरझाऱ्या घालतोय. बायको म्हणाली, "अहो, बसा की जरा एका जागी!" कुठलं बसणं? शेवटी तुम्हालाच लिहायला घेतलं. जाऊन सहा महिने झालेल्या माणसाला पत्र! वेडच की.

तुम्हीही मला असंच लिहिलं होतंत. तुम्ही अर्नाळ्याच्या शाळेत, मी नंदाखालच्या, आणि दोघांना एकच खूळ! तुमच्याकडे कोळ्यांचे शब्द, माझ्याकडे बागायतीतले. "वह्या एकत्र करू," म्हणालात. मी ऐटीत वही पाठवली.

आणि उत्तर काय? "मास्तर, टोपी-कोट घालून विचारायला गेला होतात का? लोक तुमच्याशी शाळेचं मराठी बोललेत. घरात असं कोण बोलतं?"

केवढा संताप झाला माझा! खरं होतं म्हणूनच झाला. आमची म्हातारी रोजाआत्या मला जन्मापासून ओळखते. पण मी पेन्सिल काढली की तीही सावरून बसायची आणि धडा वाचल्यासारखं बोलायची. तुम्ही मात्र जाळं विणणाऱ्यांत बसून हात चालवायचात, काही विचारायचा नाहीत, घरी येऊन आठवून लिहायचात.

पण भाऊ, ते जरा गोडीत सांगता आलं नसतं का हो?

पुढे तुमची तीन कार्डं आली. 'लग्नाच्या गाण्यांतले काही शब्द अडलेत, रोजाआत्यांना विचाराल?' मी एकालाही उत्तर दिलं नाही. शेवटच्या कार्डावरचं अक्षर थरथरलेलं होतं. तेव्हा तरी सायकल काढायची होती ना मी! तुम्ही गेल्याचं कळलं ते आगाशीच्या बाजारात.

मग गेलो आत्याकडे, बोडका. तिच्याबरोबर केळीचे घड उतरवले. ती बडबडत राहिली, गायलीसुद्धा. तुमचे अडलेले सगळे शब्द मिळाले. आता कळवू कोणाला?

आज सकाळी तुमच्या घरी, जानकीवहिनींकडे गेलो, तुमचे कागद पुण्याला पाठवू का म्हणून विचारायला. खरं सांगतो, वाटेत मनात आलं, परक्याच्या हातात आयतं का द्यायचं? उद्या छापेल स्वतःच्या नावावर!

वहिनींनी पेटी पुढे सरकवली. म्हणाल्या, "न्या भाऊ. शेवटपर्यंत विचारत व्हते, नंदाखालचा कागद आला का? मी म्हनायची, येल, येल. खोटंच म्हनायची."

मी पेटी उचलली आणि तसाच घरी आलो.

धर्माभाऊ, उद्याच्या टपालाने तुमचं-माझं सगळं पुण्याला जाईल, वर तुमचं नाव घालून. आणि यापुढे कोणीही काही विचारलं, तर त्याच दिवशी उत्तर लिहीन. माझ्यापायी आपल्या माणसाशी खोटं बोलायची पाळी पुन्हा कोणत्याही घरावर येऊ देणार नाही.

तुमचा अपराधी,
इनास मास्तर